स्वीडनला जाण्याबद्दल

ती. आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर आई रडायला लागली की मला पुढचं बोलता येत नाही, म्हणून लिहितेय. स्वीडनमधल्या किरुना गावच्या अवकाश संशोधन संस्थेला मी कामासाठी होकार कळवलाय. तीन वर्षांसाठी. लातूरच्या वेळेसारखं परस्पर ठरवलं म्हणाल. पण मुदत थोडी होती, आणि विचारलं असतं तर बाबा लगेच ‘जा’ म्हणाले असते न् रात्रभर ओट्यावर बसून राहिले असते.

बाबा, पोरगी आभाळात बंदुका मारणार असं तुम्ही गावभर सांगायलात म्हणे! त्या बंदुकीतून फक्त इलेक्ट्रॉन सुटतात. 1983 साली कोलंबिया अवकाशयानातून जपानी शास्त्रज्ञांनी असा झोत सोडला, तर यानच धनभारित होऊन सुटलेले इलेक्ट्रॉन मागे ओढायला लागलं. भोवतीच्या विरळ प्लाझ्मातून, म्हणजे विद्युतभारित वायूतून, तेवढेच इलेक्ट्रॉन परत आले तर ठीक, नाहीतर आपल्या बोअरसारखं, उपसा चालू न् पाझर कमी. यानातून थोडा वायू फवारला की तो भार उतरतो. 1992 मध्ये अटलांटिस यानावरून सोडलेल्या झोतानं तर खाली वातावरणात कृत्रिम ध्रुवीय प्रकाश उमटवला. अशा झोतानं प्लाझ्मात लहरीही उठतात. त्यांचं गणित आता माझ्याकडे. सगळं संगणकापुढे बसून. मी स्वतः वर जात नाही, आई.

थंडी आहे, खोटं कशाला बोलू. डिसेंबरात काही दिवस सूर्य उगवतच नाही. पण घरं आतून उबदार असतात, गरम पाणी चोवीस तास. ज्वारी नसली तर पोळीवर भागवीन. येसर तेवढा दे, शेंगदाण्याची चटणी दोन पिशव्यांत घालून. माळवदावर झोपताना मी तुझ्या पदराचं टोक मनगटाला बांधून घ्यायचे, तू उठलीस तर कळावं म्हणून. अजून तशीच आहे गं मी.

आता ऐका. बाबा, बीपीची गोळी बरं वाटलं तरी सोडायची नाही. रात्रीची लाइट आली की मोटार चालू करायला दादा जाईल, तुम्ही नाही. आईच्या गुडघ्याचं नांदेडच्या डॉक्टरांना याच महिन्यात दाखवा. ‘सोयाबीन निघाल्यावर बघू’ हे ऐकायचं नाही मला. रागवत नाहीये, काळजी वाटते म्हणून बोलते.

आणि माझ्या खर्चासाठी म्हैस विकू नका. तिकीटसुद्धा ती संस्थाच काढून देणार आहे.

तुमची,
छोटी