ताप परत आला, तर कल्चरही परत करा

महोदय,

‘शरीराला औषधाची सवय झाली, म्हणून आता गुण येत नाही,’ असं लोक सर्रास म्हणतात. अँटिबायोटिकची सवय शरीराला होत नाही. बदलते ती शरीरातल्या जंतूंची फौज, तीही ऐन उपचारात.

एकोणीस वर्षं मी मायक्रोबायोलॉजी लॅबमध्ये कल्चरच्या, म्हणजे सॅम्पलमधले जंतू वाढवून पाहायच्या, प्लेटा वाचते आहे. प्लेटवर पेशंटचे जंतू पसरून वर अँटिबायोटिकच्या कागदी टिकल्या ठेवतात. दुसऱ्या दिवशी जंतूंची साय धरते आणि लागू पडणाऱ्या औषधाच्या टिकलीभोवती स्वच्छ रिंगण दिसतं. एका पेशंटच्या रक्तात एंटरोबॅक्टर नावाचा जंतू निघाला. सेफ्ट्रायक्झोन या अँटिबायोटिकच्या टिकलीभोवती चांगलं मोठं रिंगण होतं. तसा रिपोर्ट मीच लिहिला. त्या औषधानं ताप उतरला आणि सहाव्या दिवशी पुन्हा चढला. नव्या सॅम्पलच्या प्लेटवर तीच टिकली सायीत बुडालेली! मी फ्रीजमधून जुनी प्लेट काढली, भिंगाखाली धरली. रिंगणाच्या आत, काठाशी, टाचणीच्या टोकाएवढे तीन ठिपके होते.

म्हणजे औषधाला दाद न देणारे जंतू आधीपासूनच होते. कोट्यवधींत असे मोजकेच, सेफ्ट्रायक्झोन तोडणारं एन्झाइम भरमसाट बनवणारे. औषधानं बाकीचे मारले आणि यांना रान मोकळं झालं. अनुकूल परिस्थितीत असे जंतू वीस-तीस मिनिटांत दुप्पट होतात.

क्षयरोगात हे फार पूर्वी दिसलं. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत एकट्या स्ट्रेप्टोमायसिननं रुग्ण आधी सुधारले, मग अनेकांचे जंतू त्याला जुमानेनात. जोडीला पीएएस हे दुसरं औषध दिल्यावर हे बरंच थांबलं. क्षयावर आजही एकदम अनेक औषधं देतात ती यासाठीच.

त्या पेशंटच्या मुलीनं मला विचारलं, ‘आमचा एखादा डोस चुकला का हो?’ एकही चुकला नव्हता. ‘कोर्स अर्धवट सोडला असेल’ म्हणून घरच्यांना बोल लावणं किती अन्यायाचं आहे, ते मला तेव्हा कळलं.

डॉक्टरांना कळकळीची विनंती: शक्य तिथे पहिल्या डोसआधी सॅम्पल घ्या. आणि उतार पडून ताप उलटला, तर जुन्या रिपोर्टवर विसंबून डोस वाढवू नका, नवं सॅम्पल पाठवा. नातेवाइकांनीही ते मागायला संकोच करू नये. आठवड्यापूर्वीचा रिपोर्ट त्या वेळच्या जंतूंचा असतो.

– एक लॅब टेक्निशियन