अणुभट्टी बंद झाली तरी देखरेख चालूच हवी

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्रात तीसहून अधिक वर्षे नोकरी करून मी निवृत्त झालो. अणुवीज हा माझ्या कामाचा विषय नव्हता; पण संच चालवणे, ट्रिप झालेला (अचानक आपोआप बंद पडलेला) संच पुन्हा उभा करणे आणि वय झालेला संच सेवेतून काढणे, या तिन्ही गोष्टी मी जवळून पाहिल्या आहेत. अणुऊर्जेवर सध्या जी चर्चा होते ती बहुतेक नव्या प्रकल्पांची असते. जुन्या, दुरुस्तीसाठी बंद ठेवलेल्या किंवा कायमच्या थांबलेल्या अणुभट्ट्यांवर कोण लक्ष ठेवतो, हा प्रश्न तिच्यात फारसा येत नाही, म्हणून हे पत्र.

आमच्याकडे २१० मेगावॉटचा संच ट्रिप झाला की कोळशाचा पुरवठा तुटतो आणि काही क्षणांत भट्टीतला जाळ विझतो. टर्बाइन बॅरिंग गिअरवर घ्यायचे (म्हणजे ते थंड होईपर्यंत हळू फिरवत ठेवायचे), बॉयलर सावकाश थंड होऊ द्यायचा, आणि एकदा तो थंड झाला की संच म्हणजे केवळ लोखंड. अणुभट्टीचे तसे नाही. अणुविखंडन रोखणाऱ्या नियंत्रक कांड्या आत गेल्या आणि अणुविखंडन थांबले, तरी विखंडनातून तयार झालेली किरणोत्सारी द्रव्ये उष्णता देतच राहतात. त्या पहिल्या क्षणी ही उष्णता पूर्ण क्षमतेच्या सुमारे सहा ते सात टक्के असते आणि एका दिवसानंतरही ती अर्ध्या टक्क्याच्या आसपास उरते. पालघर जिल्ह्यातल्या तारापूर अणुवीज केंद्राच्या जुन्या संचासारखा १६० मेगावॉट विजेचा संच घेतला तर त्याची औष्णिक (उष्णता निर्माण करण्याची) क्षमता साधारण तिपटीहून अधिक, म्हणजे पाचशे मेगावॉटच्या पुढे जाते. तो थांबवल्यावर लगेच तीसहून अधिक मेगावॉट उष्णता काढून न्यावी लागते, आणि त्यासाठी पंप, पाणी व वीज यांत क्षणाचाही खंड पडून चालत नाही. भट्टीतून काढलेले वापरलेले इंधनही पुढे कित्येक वर्षे पाण्याच्या तळ्यात बुडवून थंड ठेवावे लागते.

११ मार्च २०११ रोजी जपानमध्ये भूकंप आणि त्सुनामी आली तेव्हा फुकुशिमा दाइइची अणुवीज केंद्रातला चौथा संच देखभालीसाठी बंद होता आणि त्याच्या भट्टीत इंधन नव्हते. तरीही तिसऱ्या संचातला हायड्रोजन सामाईक वायुमार्गातून चौथ्याच्या इमारतीत शिरला आणि चार दिवसांनी तेथे स्फोट झाला. त्याच इमारतीच्या तळ्यात भट्टीतून काढलेले इंधन होते, आणि त्या तळ्यातले पाणी टिकले आहे की नाही या काळजीने तिथल्या अभियंत्यांचे कित्येक दिवस गेले. ‘बंद संच’ हा शब्द ऐकून निर्धास्त होणाऱ्यांनी ही घटना लक्षात ठेवावी.

तारापूरचे पहिले दोन संच १९६९ साली वीज देऊ लागले. फुकुशिमाचा पहिला संच १९७१ सालचा, म्हणजे तारापूरचे संच त्याहूनही जुने. दोन्ही ठिकाणचे तंत्र उकळत्या पाण्याच्या भट्टीचे आणि दोन्हींची रचना एकाच अमेरिकी कंपनीची. तारापूरच्या संचांत वेळोवेळी मोठ्या सुधारणा झाल्या, २००५-०६ मध्ये त्यासाठी ते मुद्दाम बंद ठेवले गेले, आणि २०२० पासून पाइपांच्या बदलासाठी पुन्हा दीर्घकाळ थांबवले गेले. हे काम करणाऱ्यांच्या कौशल्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण पन्नाशी ओलांडलेल्या संचाचे आयुष्य वाढवायचे की तो सेवेतून काढायचा, हा निर्णय कोणत्या तपासण्यांवरून घेतला गेला, हे सामान्य माणसाला समजेल अशा भाषेत प्रसिद्ध व्हायला हवे. राजस्थानात रावतभाटा येथील पहिला संच २००४ पासून बंद आहे. त्यामुळे हा प्रश्न एकट्या तारापूरचा नाही.

आता देखरेखीविषयी. अणुऊर्जा नियामक मंडळ १५ नोव्हेंबर १९८३ रोजी स्थापन झाले, ते कायद्याने नव्हे तर सरकारी आदेशाने. मंडळ अणुऊर्जा आयोगाला उत्तरदायी, आयोगाचे अध्यक्ष हेच अणुऊर्जा विभागाचे सचिव, आणि अणुवीज केंद्रे चालवणारे महामंडळ त्याच विभागाच्या अखत्यारीत, अशी ही साखळी वर्षानुवर्षे राहिली. नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१२ च्या अहवालात या रचनेवर स्पष्ट बोट ठेवले. डीकमिशनिंगविषयी, म्हणजे संच कायमचा सेवेतून काढून सुरक्षितपणे मोडण्याविषयी, मंडळाची संरक्षा-पुस्तिका निघून तेरा वर्षे उलटली तरी देशातल्या एकाही अणुवीज केंद्राकडे, अगदी बंद पडलेल्या केंद्राकडेही, डीकमिशनिंगचा आराखडा नाही, असे त्याच अहवालात नोंदवले आहे. नियामक संस्था स्वायत्त करण्यासाठी २०११ मध्ये लोकसभेत मांडलेले विधेयक २०१४ मध्ये सभागृहाची मुदत संपताच बारगळले. २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या तज्ज्ञांनीही मंडळाचे स्वातंत्र्य कायद्यात नोंदवा, असेच सुचवले. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने नवा अणुऊर्जा कायदा संमत केला आणि मंडळाला वैधानिक दर्जा दिला, ही चांगली गोष्ट झाली. मात्र हेच क्षेत्र आता खासगी कंपन्यांनाही खुले होत असताना मंडळावरच्या नेमणुका, त्याचा पैसा आणि त्याचे तपासनीस हे वीज विकणाऱ्यांपासून आणि विभागापासून प्रत्यक्षात किती दूर राहतात, यावरच त्या दर्जाचा उपयोग ठरेल.

पैशांचा हिशेबही करून पाहावा. डीकमिशनिंगसाठी विजेच्या दर युनिटमागे दोन पैसे बाजूला काढण्याची पद्धत आहे. १६० मेगावॉटचा संच वर्षभर एक क्षणही न थांबता पूर्ण भाराने चालला तर सुमारे १४० कोटी युनिट तयार होतील आणि निधीत वर्षाला दोन कोटी ऐंशी लाख रुपये पडतील. कोणताही संच असा अखंड चालत नाही, हे आमच्या क्षेत्रात नवशिक्यालाही माहीत असते. किरणोत्सारी भाग सुटे करणे, ते सुरक्षित ठेवणे आणि जागा निर्धोक करणे हे काम दशकानुदशके चालते. सीझियम-१३७ या किरणोत्सारी द्रव्याचे निम्मे व्हायलाच तीस वर्षे लागतात. एवढ्या कामाला हा निधी पुरेल का, याची जाहीर आकडेमोड व्हावी.

वापरातून गेलेल्या वस्तूकडे पाठ फिरवली की काय होते, ते आपण २०१० मध्ये दिल्लीत पाहिले. दिल्ली विद्यापीठात अनेक वर्षे पडून असलेले एक उपकरण लिलावात निघाले, मायापुरीच्या भंगार बाजारात फोडले गेले, आणि आतल्या किरणोत्सारी कोबाल्ट-६० मुळे एका कामगाराचा जीव गेला, तर काही जण गंभीर आजारी पडले. तेच कोबाल्ट-६० लासलगावच्या विकिरण केंद्रात कांद्यावर आणि अमेरिकेला जाणाऱ्या आंब्यांवर वापरले जाते. शिस्तीत वापरले तर ते शेतकऱ्याच्या उपयोगाचे आहे. त्यामुळे या पत्राला अणुविरोधी पत्र म्हणून वाचू नये, ही विनंती.

नाशिककरांनी यात का पडावे, असे कोणी विचारील. नाशिकपासून तारापूर हवाई अंतराने सुमारे सव्वाशे किलोमीटरवर आहे आणि गुजरातच्या तापी जिल्ह्यातले काक्रापार अणुवीज केंद्र दीडशे किलोमीटरच्या आत. पावसाळ्यात वारा समुद्राकडून आपल्याकडेच वाहतो. आपत्कालीन नियोजनाचे क्षेत्र केंद्राभोवती सोळा किलोमीटरचे असते, त्यामुळे आपला जिल्हा कागदावर कुठेच येत नाही. घरदार सोडावे लागेल अशी भीती मी घालत नाही. पण १९८६ च्या चेर्नोबिल अणुदुर्घटनेनंतर दोन हजारांहून अधिक किलोमीटर दूरच्या वेल्समधल्या मेंढ्यांवरचे निर्बंध २०१२ पर्यंत टिकले, हे निर्यातीच्या द्राक्षांवर जगणाऱ्या जिल्ह्याने विसरू नये.

तारापूरच्या पहिल्या दोन संचांचा डीकमिशनिंगचा आराखडा आणि त्यासाठी जमलेला निधी शासनाने मराठीतून प्रसिद्ध करावा. नियामक मंडळाने चालू आणि बंद दोन्ही संचांच्या तपासण्यांचे निष्कर्ष तसेच आवारातील वापरलेल्या इंधनाची स्थिती दरवर्षी पालघर, ठाणे व नाशिकच्या जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणांना कळवावी. आपल्या जिल्ह्याच्या खासदारांनी हा प्रश्न संसदेत विचारावा, आणि उत्तर आल्यावर ते आपण पूर्ण छापावे, अशी माझी विनंती आहे.

कळावे.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त वीज अभियंता,
नाशिकरोड