घर उघडलंय

सावंतवाडी
२२ एप्रिल

ती. आई आणि बाबांस,
शि. सा. नमस्कार.

नागपूरला ट्रेनिंग आहे असं सांगून मी रविवारी निघाले, ते खोटं होतं. मी आपल्या घरी आले आहे. पडवीत बसून लिहितेय. समोर तुळस आहे आणि ती जिवंत आहे, आई. शेजारच्या काकींनी तीन वर्षं रोज पाणी घातलं आणि एकदाही बोलून दाखवलं नाही.

हे फोनवर मला नीट सांगता आलं नसतं. बाबा "बरं, बरं" म्हणाले असते आणि मी गप्प बसले असते. म्हणून ठरलंय ते आधी सांगते. पाऊस लागायच्या आत तुम्ही दोघांनी इथे परत राहायला यायचं. पुण्याच्या फ्लॅटची नोटीस मी दिली आहे. दादाशीही बोलणं झालंय. तो दोन दिवस चिडला होता, आता शांत आहे.

तुम्हाला पाठवून देतेय असं क्षणभरही मनात आणू नका. ऑफिसातून आल्यावर मला रोज आईच्या हातची आमटी मिळते. ती सोडायला मी तयार झाले, यावरूनच काय ते ओळखा. आईच्या गुडघ्याचं निमित्त करून मीच तुम्हाला नेलं होतं. लिफ्ट आहे, दवाखाना जवळ आहे, मी खालच्याच मजल्यावर आहे, हे सगळं खरंच होतं. पण इथे बाबा तळ्याकाठून निघाले की दहा माणसं "पोस्टमास्तर, खंय?" म्हणून विचारायची. तिथे ते ९०२ नंबरचे आजोबा झाले. माझ्या हे लक्षात यायला फेब्रुवारी उजाडावा लागला.

त्या रात्रीबद्दल आपण तिघं अजून बोललोच नाही. दोन वाजता बाबा गॅलरीत छातीवर हात ठेवून उभे होते, आणि म्हणत होते, "गाडी कित्याक काढतंस? काय्येक झाला नाय माका." दवाखान्यात नाडी दीडशेच्या वर निघाली, तीही वेडीवाकडी. डॉक्टरांनी विचारलं, घेता का? बाबा म्हणाले, अधूनमधून. आई पर्सच्या चेनशी चाळा करत राहिली. मग डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी खरं सांगितलं. रोज साडेसातला, दोन मोठे. बाबा, तेव्हा तुम्ही मान फिरवलीत. मी तुमची चहाडी केली नाही हो. खोट्या माहितीवर तुम्हाला औषध मिळू नये, एवढंच मला हवं होतं.

दोन मोठे पेग म्हणजे १२० मिली. बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं, म्हणजे जवळजवळ ४० ग्रॅम निव्वळ अल्कोहोल, रोज. आणि वय वाढतं तसं शरीरातलं पाणी कमी होतं, त्यामुळे पन्नाशीत जे सोसलं तेच सत्तरीत रक्तात जास्त चढतं. त्याने रक्तदाब वाढतो, हृदयाचे वरचे कप्पे नीट आकसायचे सोडून नुसते थरथरतात, रक्त तिथे साकळतं आणि गुठळी मेंदूकडे गेली तर लकवा. रक्त पातळ करायची गोळी त्यासाठीच आहे.

तुमच्या कपाटात एल.आय.सी.च्या कागदांबरोबर तुमचा आजन्म परवाना आहे. दारूबंदीचा कायदा १९४९ चा, त्यातला हा आरोग्य-परवाना. प्रकृती सांभाळण्यासाठी मद्य बाळगायची मुभा, असं तुम्ही आम्हाला समजावून सांगायचात. त्यालाच टाचून ते कात्रण ठेवलंय, थोडी घेतलेली हृदयाला चांगली म्हणणारं. बाबा, त्या कात्रणावर मी खूप वाचलं. थोडी घेणारे जास्त जगतात असं खरंच दिसायचं. पण न घेणाऱ्यांत आजारपणामुळे सोडलेलेही मोजलेले असायचे. आणि थोडी घेणारी माणसं बहुतेक बऱ्या स्थितीतली, चालणारी, भाजीपाला खाणारी, सिगारेट कमी ओढणारी. २०२२ साली ब्रिटनमधल्या पावणेचार लाखांच्या आसपास लोकांची माहिती अशीच तपासली, तेव्हा या सवयींचा हिशेब धरल्यावर दारूचा दिसणारा फायदा बराच विरला. त्याच वर्षी जागतिक हृदय महासंघाने सांगून टाकलं की हृदयासाठी चांगली अशी दारूची कुठलीच मात्रा नाही.

हे वाचताना मला तुमची शनिवारची बैठक आठवली. मागच्या अंगणात अण्णाकाका, भाईकाका, तळलेला बांगडा, कॅरम. एकेक ग्लास रात्रभर पुरायचा. तुम्हाला जपत होती ती बैठक, बाबा, आणि श्रेय ग्लासाला मिळालं. मी तुम्हाला पुण्याला नेलं तेव्हा बैठक इथे राहिली आणि ग्लास तेवढा तुमच्याबरोबर आला. भाईकाका गेले त्या आठवड्यापासून तो रोजचा झाला. त्यांच्या शेवटच्या दर्शनाला तुम्हाला आणता आलं नाही, माझ्या ऑडिटमुळे. तुम्ही एका शब्दाने बोलला नाहीत. मला ते अजून सलतं.

२०२३ साली अमेरिकेच्या सर्जन जनरलने, म्हणजे तिथल्या सरकारच्या मुख्य आरोग्य अधिकाऱ्याने, एकटेपणावर अहवाल काढला. माणसांचा संग तुटलेल्यांना हृदयविकाराचा धोका २९ टक्क्यांनी जास्त आणि पक्षाघाताचा ३२ टक्क्यांनी. दवाखाना जवळ आहे या माझ्या हिशेबात हे धरलंच नव्हतं.

तुम्ही दोन महिने ग्लासाला हात लावलेला नाही. मला त्याची किती किंमत आहे हे तोंडाने सांगता येत नाही. ऑस्ट्रेलियात ही नाडीची तक्रार असलेल्या १४० जणांवर अभ्यास झाला, २०२० साली छापून आला. सोडलेल्यांपैकी ५३ टक्क्यांना सहा महिन्यांत पुन्हा त्रास झाला, चालू ठेवलेल्यांपैकी ७३ टक्क्यांना. म्हणजे सोडूनही निम्म्यांना झालाच, हे मी लपवत नाही. पण तो वीस टक्क्यांचा फरक मला हवा आहे. आणि साडेसात वाजले की तुम्ही खिडकीशी बसता, रिकाम्या हातांनी, ते मला बघवत नाही.

आता घर. कौलं चाळून झाली, मधल्या खोलीतली गळती गेली. न्हाणीघरात कमोड बसवलाय, धरायला दांडी आहे, फरशी खरखरीत घेतलीय. आईची चूल मी काढू दिलेली नाही, पण गॅसचा ओटा उंच करून घेतला, म्हणजे वाकायला नको. इन्व्हर्टर उद्या येईल. दवाखान्याची दादाला काळजी आहे आणि मलाही. उपजिल्हा रुग्णालय इथेच आहे, त्यापुढे गोव्यातलं बांबोळीचं मोठं रुग्णालय, आणि अण्णाकाकांचा मुलगा रात्रीअपरात्री गाडी काढेन म्हणालाय. मी दर महिन्याला चार दिवस इथूनच काम करणार. साहेबांनी लेखी दिलंय.

काल ओटीवर आडवी झाले तर लहानपण आठवलं. तुम्ही टपालातून आलात की बोटांना लाखेचा वास असायचा. याच ओटीवर तुमच्या छातीवर कान ठेवून मी ठोके मोजायचे. शंभरपर्यंत आकडे मी तिथेच शिकले. फेब्रुवारीत दवाखान्यातला तो ठोक्यांचा कागद हातात आला तेव्हा मला एवढंच वाटलं की हे बाबांचे ठोके नाहीत.

बरं, आता ऐका. रक्त पातळ करायची गोळी दोन्ही वेळा, चुकवायची नाही, जास्त झाली म्हणून मनाने बंद करायची नाही. आई, तुझी गुडघ्याची गोळी बाबांना पाठदुखीसाठी मुळीच द्यायची नाही, त्याने रक्तस्राव होऊ शकतो. सुकट आणि लोणचं आठवड्यातून एकदा. तळ्याला रोज एक फेरी, अण्णाकाकांबरोबर, एकट्याने नाही. नाडी पळाली, चक्कर आली, बोलताना जीभ जड झाली तर शेजारी हाक मारायची, "बघूया सकाळी" नाही. परवाना माझ्याकडे राहील. गोव्याहून कोणी काजूची आणली तर आईने ती दारातूनच परत पाठवायची. आणि कधी मोह झालाच, बाबा, तर मला फोन करा. मी रागावणार नाही.

बैठक शनिवारी आहे. अण्णाकाकांचंही साखरेमुळे बंद झालंय. सोलकढी काकी करणार आहेत. कॅरमची पावडर संपलीय, तुमच्या टेबलाच्या खणात डबी आहे ती सामानात टाका.

मी गुरुवारी पुण्याला येते. आई, आंबोलीच्या घाटात तुला मळमळतं, आवळा सुपारी पर्समध्ये ठेव. आणि जड काही उचलू नकोस, मी आल्यावर बांधू.

तुमची,
बाय