नुसती पथकं नेमून काय होणार, महिन्यातून एकदा एकत्र बसा

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या पेपरात दर पंधरा-वीस दिवसांनी एक बातमी असतेच, फक्त भागाचं नाव बदलतं. टोळक्यानं रात्री रस्त्यावरच्या गाड्यांच्या काचा फोडल्या, कोयते नाचवले, दहशत माजवली, आणि शेवटी पोलिसांची पथकं रवाना झाली. मग चार दिवसांनी पोरांना पकडून त्याच गल्लीतनं फिरवतात, त्याचा व्हिडिओ सगळ्या ग्रुपवर, खाली टाळ्यांचे इमोजी. मी पुण्याच्या दक्षिण भागात पोळी-भाजी केंद्र चालवते, रात्री उशिरापर्यंत शटर उघडं असतं, त्यामुळं रस्त्यावर काय चालतं ते बऱ्यापैकी दिसतं, आणि यातली निम्मी पोरं माझ्याकडंच वडापाव खातात. म्हणून म्हणते, त्या धिंडीनं काही होत नाही. उलट ज्याची धिंड निघाली तो आठवड्यात भाई होऊन परत येतो आणि बारकी पोरं त्याच्या मागं मागं फिरतात.

आणि खरं सांगू का, रोजचा त्रास कोयत्याचा नाहीच. कोयता वर्षातनं एखाद्या वेळी निघतो. रोजचा त्रास म्हणजे महापालिकेच्या मैदानातली अंधारातली बैठक, बंद दुकानांच्या पायऱ्यांवर दारू, रात्री बाराला भर रस्त्यात गाडीच्या बॉनेटवर केक आणि फटाक्यांची माळ, सायलेन्सर बदललेल्या बुलेट, क्लासवरनं येणाऱ्या मुलींना शेरेबाजी, आणि कुणी बोललंच तर सकाळी त्याच्या गाडीचं सीट फाटलेलं. यातलं एकही प्रकरण असं नाही की त्यासाठी क्राइम ब्रँच यावी. पण म्हातारी माणसं संध्याकाळी सातनंतर खाली उतरायची बंद होतात, मुलींचे क्लास बदलतात, हे कुठल्या रजिस्टरला येणार?

आता तक्रार करायची म्हटलं तर कुणाकडं, हे बघा. वाईन शॉप आहे, त्याचं लायसन राज्य उत्पादन शुल्कवाल्यांकडं. त्यांना विकायची परवानगी असते, तिथं बसून प्यायची नसते, तर लोक शेजारच्या चकण्याच्या गाडीवर उभे राहून पितात, ती गाडी महापालिकेच्या अतिक्रमण विभागाची. पिऊन भांडण झालं की पोलिस. फुटलेल्या बाटल्या सकाळी उचलायच्या आरोग्य कोठीनं, म्हणजे महापालिकेच्या सफाईवाल्यांनी. मैदानाचं गेट उद्यान विभागाचं, तिथला बंद दिवा विद्युत विभागाचा, रस्त्यात आडव्या लावलेल्या गाड्या वाहतूक शाखेच्या. म्हणजे शंभर फुटांच्या पट्ट्यात सात ऑफिसं, आणि प्रत्येकजण दुसऱ्याकडं बोट दाखवतो, आणि गंमत म्हणजे कुणीच खोटं बोलत नसतो! चौकीवाले म्हणतात अंधार आहे तिथं गस्त घालून काय दिसणार, दिव्याचं त्यांना सांगा. दिव्याचा माणूस म्हणतो तीनदा बल्ब बसवला, पोरं दगड मारून फोडतात, पोलिसांना सांगा.

११२ चं सांगते. फोन केला की गाडी येते, त्याबद्दल तक्रार नाही, बरेचदा लवकर येते. पण लांबूनच लाल-निळा दिवा दिसतो, पोरं पांगतात, मग त्या गाडीतनं तक्रारदाराला फोन येतो की खाली या, कुठं आहे त्रास दाखवा. आता कोपऱ्यावर उभी असलेली पोरं बघतात की कुठल्या बिल्डिंगमधनं कोण उतरलं. त्यानंतर तो माणूस परत फोन करेल का? आमच्याकडं तर आता फोन करणारं माणूस म्हणजे कुणीतरी नवीन भाडेकरूच.

कायदे कमी आहेत असं मला वाटत नाही. सार्वजनिक जागी असभ्य वागलं तर महाराष्ट्र पोलीस अधिनियमाची ११० आणि ११७ कलमं आहेत, दारू पिऊन सार्वजनिक जागी धिंगाणा घातला तर दारूबंदी कायद्याचं ८५ कलम आहे, रात्री १० ते सकाळी ६ स्पीकर बंद हा नियम तर २००० सालापासनं आहे. चॅप्टर केस, म्हणजे प्रतिबंधक कारवाई, करून चांगल्या वर्तणुकीचा बाँड घेता येतो. पण हे सगळं एकेकट्या पोराला एका रात्रीपुरतं लागू होतं, जागा तशीच राहते, अंधार तसाच, चकण्याची गाडी तशीच. एक पोरगं उचललं की त्या पायरीवर दुसरं बसतं.

मागं आमच्याकडं एक चांगले पोलिस अधिकारी आले होते, त्यांनी एक साधी गोष्ट केली. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी बैठक, सोसायटीच्या क्लब हाउसला नाही तर वस्तीतल्या समाजमंदिरात. चौकीचे दोघं, क्षेत्रीय कार्यालयातला एक इंजिनिअर, आरोग्य कोठीचे मुकादम, जवळच्या शाळेचे हेडमास्तर, गणपती मंडळाची पोरं, सोसायट्यांचे सेक्रेटरी आणि वस्तीतल्या बाया. पहिली बैठक म्हणजे नुसता गोंधळ. सोसायटीवाले म्हणाले तुमची पोरं, वस्तीवाले म्हणाले तुमचीच पोरं गाडी घेऊन येतात आणि आमच्या पोरांना बाटली आणायला पाठवतात. आणि ते खरंच होतं हो! माझ्या दुकानासमोर थांबणाऱ्या चारचाकी काही वस्तीतल्या नसतात. पण ग्रुपवर मात्र कायम "झोपडपट्टीतल्या टवाळांना उचला" एवढंच.

त्या बैठकीत एका धुणीभांडी करणाऱ्या बाईनं जे सांगितलं ते मला अजून पुरतंय. म्हणाली, दहा बाय बाराची खोली, आम्ही सहा जणं, रात्री नऊला ह्यांचे वडील पिऊन येतात, मी पोराला घरात थांब म्हणू का बाहेर जा म्हणू ते तुम्हीच सांगा. कुणी काही बोललं नाही. तोपर्यंत सगळ्यांना वाटत होतं की पोरं मैदानात बसतात म्हणजे माजलीत. आता मी असं नाही म्हणत की गरिबी आहे म्हणून काचा फोडा, तिच्याच शेजारच्या खोलीतला मुलगा सीएची तयारी करतोय. पण बसायला उजेडाची जागा नसेल तर पोरं अंधारात बसणार.

मग हळूहळू कामं झाली, आणि ती कुणा एका खात्याला एकट्यानं जमली नसती अशीच होती. मैदानात उंच खांबावर दिवे लागले, आणि बीट मार्शल, म्हणजे गस्तीचे पोलिस, रात्री तिथनंच चक्कर मारणार असं ठरलं म्हणून ते दिवे टिकले. अभ्यासिका साडेसातला बंद व्हायची ती दहापर्यंत उघडी ठेवायला मंडळानं दोन पोरं दिली. चकण्याची गाडी हलवली, त्या गाडीवाल्याला कोपऱ्यापलीकडं भुर्जीपावला जागा मिळाली त्यामुळं त्यानं आरडाओरडा केला नाही. तक्रार करायची तर ११२ वर नाव नको असेल तर हेडमास्तरांना सांगा, ते साहेबांना सांगतील असं ठरलं. आणि बारा वाजताच्या बर्थडेचं तर फारच सोपं निघालं. ज्याचा बर्थडे त्याचे फ्लेक्स आधीच दोन दिवस लागलेले असतात, तारीख फ्लेक्सवरच छापलेली! मग साहेब आदल्या दिवशी त्याच्या वडिलांना आणि मंडळाच्या अध्यक्षाला चहाला बोलवायचे. बस.

सगळं छान झालं असं मी म्हणणार नाही. काही पोरं तिथनं उठून कॅनॉलच्या रस्त्याला बसायला लागली, म्हणजे त्रास थोडा सरकला. बुलेटचं काहीच झालं नाही कारण वाहतूक शाखेचं माणूस एकदाही बैठकीला आलं नाही. पण क्लासच्या मुली परत त्याच रस्त्यानं यायला लागल्या आणि माझ्या दृष्टीनं तेवढं पुष्कळ होतं.

नंतर साहेबांची बदली झाली. नवीन आलेल्यांना कदाचित कुणी सांगितलंच नसेल, पण दुसरा शनिवार बंद झाला. इंजिनिअर म्हणाला मला वरून पत्र आलं तर येतो. आता अभ्यासिका परत साडेसातला बंद. आता "शांतता समिती"ची बैठक होते, गणपतीच्या आधी आणि ईदच्या आधी, हॉलमध्ये, स्टेजवर पुढाऱ्यांच्या खुर्च्या, सत्कार, नारळ, आणि प्रत्येक वक्ता सांगतो आमच्या भागात सलोखा आहे. त्यात बंद दिव्याचं कोण बोलणार.

हे सगळं काही मी नवीन सांगत नाहीये. भिवंडीचं उदाहरण महाराष्ट्रात सगळ्यांना माहिती पाहिजे. १९७० ला तिथं हिंदू-मुस्लिम दंगल झाली, १९८४ ला पुन्हा भयंकर झाली. १९८८ च्या सुमारास सुरेश खोपडे तिथं पोलिस उपायुक्त म्हणून आले आणि त्यांनी मोहल्ल्यामोहल्ल्यात समित्या केल्या, दोन्ही समाजाची साधी माणसं घेऊन, पुढारी आणि गुंड बाजूला ठेवून, आणि जबाबदारी मोठ्या साहेबावर नाही तर खालच्या पोलिसांवर. तिथं दंगलीची चर्चा नसायची, नळाचं भांडण, गटाराचं भांडण, पोरांची मारामारी असलंच चालायचं. आणि त्यामुळंच माणसं एकमेकांना नावानं ओळखायला लागली. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली होती तेव्हा भिवंडी शांत राहिली. त्यानंतर मुंबईतही माजी पोलिस आयुक्त ज्युलिओ रिबेरो, सामाजिक कार्यकर्त्या सुशोभा बर्वे, तेव्हाचे आयुक्त सतीश साहनी यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या, पोलिस आणि वस्तीतली पोरं यांच्या क्रिकेटच्या मॅच लावल्या. आणि पुढचं पण सांगायला हवं, जुलै २००६ मध्ये त्याच भिवंडीत पोलिस ठाण्याच्या बांधकामावरनं हिंसा झाली आणि दोन पोलिसांचा जीव गेला. समिती एकदा केली म्हणजे कायमची लस टोचली असं नसतं, ती चालू ठेवावी लागते, साहेब कुणीही असो.

खेड्यांसाठी तेव्हाचे गृहमंत्री आर. आर. पाटलांनी १५ ऑगस्ट २००७ ला तंटामुक्त गाव मोहीम काढली, गावांना बक्षिसं दिली, आमच्या माहेरच्या गावात अजून त्याची पाटी आहे. शहरासाठी असं काय आहे? क्षेत्रसभेचा, म्हणजे शहरातल्या छोट्या भागातल्या मतदारांच्या सभेचा, कायदा आपल्याकडं २००९ लाच झालाय, पण आमच्या भागात एकही क्षेत्रसभा भरलेली मला माहिती नाही. इंग्लंडमध्ये १९९८ च्या कायद्यानं पोलिस आणि तिथल्या नगरपालिका यांना गुन्हे आणि असल्या रोजच्या त्रासावर एकत्र काम करणं बंधनकारक केलंय. आपल्याकडं ते अजून साहेबाच्या स्वभावावर अवलंबून आहे. चांगला आला तर होतं, नाहीतर नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की आयुक्तांनी, पोलिसांच्या आणि महापालिकेच्या दोन्ही, मिळून एक पत्र काढावं. प्रत्येक चौकीच्या हद्दीत महिन्याचा एक दिवस ठरलेला, कुठल्या खात्याचा कोण येणार ते त्यात लिहिलेलं, बदली झाली तरी दिवस तोच. मागच्या वेळी काय ठरलं आणि काय झालं ते चौकीबाहेरच्या फळ्यावर लिहायचं, दुसरं काही नको. वाहतूक शाखा आणि उत्पादन शुल्कवाले आलेच पाहिजेत. नगरसेवकांनी यावं, पण स्टेजवर नाही, समोर लोकांत बसावं. आणि वस्तीतल्या बाया नसतील तर ती बैठक धरूच नये, कारण कुणाचं पोरगं कुठं बसतंय, त्याच्याकडं पैसे कुठनं येतायत हे सोसायटीच्या कॅमेऱ्याला कळत नाही, त्यांना कळतं. (आमच्या सोसायटीनं कॅमेऱ्यांवर एवढे पैसे घातले, त्यात काच फुटल्याचं दिसतं, फुटायची थांबत नाही.)

अठराच्या आतल्या पोरांचं तर वेगळंच आहे. फारच गंभीर गुन्हा नसेल तर त्यांच्यावर सहसा एफआयआर करायचा नाही, डायरीत नोंद करायची आणि घरच्या परिस्थितीचा रिपोर्ट बालन्याय मंडळाला द्यायचा असा नियम आहे, त्यासाठी प्रत्येक ठाण्यात बालकल्याण पोलिस अधिकारी नेमलेला असतो. लोक चिडतात की अल्पवयीन म्हणून सोडून दिलं. पण तो रिपोर्ट लिहिणाऱ्या माणसानं महिन्यातनं एकदा त्या पोराच्या आईला आणि हेडमास्तरांना समोरासमोर भेटलं असेल तर त्या कागदात काहीतरी खरं येईल, नाहीतर "वडील मजूर, परिस्थिती बेताची" एवढंच लिहून पुढं.

नवीन साहेबांना आम्ही वस्तीतल्या आणि सोसायटीतल्या मिळून सह्यांचं निवेदन दिलंय, ते घेतलं, बघतो म्हणाले, नीट बोलले. तुम्ही हे छापलंत तर त्याला जरा जोर येईल. समाजमंदिराची किल्ली मंडळाकडं असते, भाडं लागत नाही, खुर्च्या आहेत. शनिवारच्या चहाचं मी बघते.

आपली,
एक पोळी-भाजीवाली, पुणे