ओझरच्या काकांना, मिग-२१ बद्दल

तीर्थस्वरूप काका,
साष्टांग नमस्कार.

मिग तयार झालं! ओझरला एचएएलच्या (हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या) कारखान्यात ज्या विमानांवर रिव्हेट मारण्यात तुमची उमेदीची वर्षं गेली, त्याच मिग-२१ लढाऊ विमानाच्या एफएल या प्रकाराचं १/४८ प्रमाणातलं, तुकडे जोडून करायचं प्लॅस्टिकचं मॉडेल किट. खऱ्या विमानाच्या पंखांचा विस्तार ७.१५ मीटर, माझ्या टेबलावर तो जेमतेम १५ सेंटीमीटर. तोंडी आभार मानले असते तर "बरं बरं, चहा घे" म्हणून तुम्ही विषय संपवला असता. म्हणून चारचौघांत लिहितोय.

किटच्या माहितीपत्रकात कुठल्या भागाला कुठल्या नंबरचा रंग, एवढंच असतं. तो रंग तिथे का, हे तुमच्याकडून कळलं. नाकातला शंकू आणि शेपटाचं टोक हिरवं, कारण तिथे धातूच नाही. शंकूत रडार, टोकात अँटेना, आणि रेडिओलहरी धातूतून आरपार जात नाहीत. शिवाय तो शंकू वेगाप्रमाणे पुढेमागे सरकतो आणि इंजिनात शिरणारी हवा आवरतो. हे सांगताना तुम्ही मुठीतून अंगठा पुढेमागे करून दाखवलात, ते अजून डोळ्यांसमोर आहे. किटमध्ये कॅनोपी, म्हणजे वैमानिकाच्या डोक्यावरची पारदर्शक झाकणं, दोन प्रकारच्या होत्या. तुम्ही चष्मा कपाळावर ढकलला आणि त्यातली एक उचललीत. "एफएलची ही. बिजागरी पुढे. बाजूला उघडणारी नंतरची." लगेच पुढची सूचना, "पोटाखाली तोफेचा पॉड लाव, याच्या अंगात तोफ नव्हती." आणि मी इंजिनाचं कौतुक करायला लागलो तेव्हा, "इंजिन कोरापुटच्या कारखान्यातलं रे, पण सांगाडा आमचा!"

खरा कस लागला तो रंगात. १९७१ च्या युद्धाच्या सुमाराला बऱ्याच एफएलवर हिरव्या-तपकिरी रंगांचे पट्टे मारले गेले, आणि मॉडेलवाल्यांना ते फार आवडतात. माझ्या मते त्याचं एक कारण म्हणजे पट्ट्यांखाली बरंच काही झाकलं जातं. मला मात्र उघड्या पत्र्याचंच विमान हवं होतं, आणि चंदेरी रंग काही म्हणजे काही लपवत नाही. मी भिंगातून बघून पंखाचा जोड पास केला होता. तुम्ही डोळे मिटून त्यावरून नख फिरवत नेलंत आणि मध्येच थांबलात. "इथे." मला काहीच दिसेना. प्रायमर मारला, तर नेमकी तिथेच केसाएवढी रेघ! पुन्हा पुट्टी, पुन्हा पॉलिश पेपर. आता कुठलंही किट हातात घेतलं की आधी नख फिरवतो, भिंग नंतर.

मागच्या भागाचंही तसंच. आफ्टरबर्नरजवळचा (जास्तीच्या जोरासाठी इंजिनाच्या मागे पुन्हा इंधन जाळतात, तिथला) पत्रा तापून तापून रंग बदलतो, म्हणून सगळीकडे एकच चांदी फासू नकोस, असं तुम्ही बजावलंत. चकचकीत काळ्यावर धातूचा रंग चढवला, शेपटाकडे त्यात किंचित तपकिरी आणि निळसर झाक दिली, आणि ते प्लॅस्टिक एकदम पत्र्यासारखं दिसायला लागलं. सध्या मॉडेल मळवायची टूम आहे, जिकडेतिकडे तेलाचे ओघळ नि काजळी. "आमची विमानं पुसली जायची," हे तुमचं वाक्य मी आता त्या मंडळींना बिनदिक्कत ऐकवतो.

एका बाबतीत मात्र तुमचं ऐकलं नाही. या मापात पॅनलच्या, म्हणजे पत्र्यांच्या जोडांच्या, रेघा दिसताच कामा नयेत, हे तुमचं म्हणणं हिशेबानं शंभर टक्के बरोबर आहे. पण रेघा नसलेलं मॉडेल साबणाच्या वडीसारखं दिसतं हो! रेघांत उतरणारा पातळ राखाडी रंगाचा वॉश दिलाय, रागावू नका.

गेल्या वर्षी, २६ सप्टेंबर २०२५ ला, चंदीगडला मिग-२१ निवृत्त झालं तेव्हा सगळे तुम्हाला फोन करत होते आणि तुम्ही प्रत्येकाला ठणकावत होतात की आमची एफएल तर २०१३ मध्येच गेली. म्हणून स्टँडवरच्या पट्टीवर "एफएल" ही अक्षरं सगळ्यात मोठी काढली आहेत.

रविवारी सकाळी घेऊन येतो. नातवाला आधीच सांगून ठेवा, नाकावरची पिटो नळी (खऱ्या विमानात वेग मोजण्यासाठी असते ती) सुईएवढी बारीक आहे, तिला हात लावायचा नाही. आणि चाकांच्या रिमचा हिरवा मला अजून जरा भडक वाटतोय, तेवढा दिवसाच्या उजेडात बघून सांगा. बदलायचा असेल तर बाटली बरोबरच आणतो.

तुमचा,
किटवाला