बुजरेपणाच्या पलीकडचं काही

प्रिय मित्रा,

तुझं पत्र तीनदा वाचलं. लेकाबद्दल तू जेमतेम चार ओळी लिहिल्यास आणि शेवटी म्हटलंस, "माझ्यावरच गेलाय, बुजरा आहे, मोठा झाला की सुटेल." दरवेळी मी त्याच वाक्यापाशी अडलो. धाकटीबद्दल हेच वाक्य मी दोन वर्षं सगळ्यांना ऐकवत होतो.

तू बुजरा होतास हे खरंच. आठवीत आमच्या वर्गात आलास तेव्हा पहिले पंधरा दिवस तुझा आवाज कुणी ऐकला नव्हता. सहामाही येईस्तोवर मात्र मागच्या बाकावरून सगळ्यांना तूच हसवत होतास. नवा माणूस दिसला की आजही तू आधी गप्प बसतोस, मग खुलतोस. त्या स्वभावापायी तुझं काही अडलं मात्र नाही. एक सामना सोडला नाहीस, सहल चुकवली नाहीस. शंका आली की छाती धडधडत असली तरी हात वर करायचास.

धाकटीचं तसं नव्हतं. ते मला कळलं पाण्याच्या बाटलीवरून. सातवीत असताना तिची बाटली रोज संध्याकाळी भरलेलीच परत यायची. मी रागवायचो, पाणी पीत नाहीस म्हणून डोकं दुखतं, असं रोज बजावायचो. पुढे डोकेदुखी आणि पोटदुखीसाठी डॉक्टरांकडे चकरा झाल्या. तपासण्यांत काही निघालं नाही, तेव्हा त्यांनी समुपदेशक बाईंकडे पाठवलं. तिथे तिसऱ्या भेटीत ती बोलली. पाणी प्यायलं की बाथरूमला जावं लागतं. जायचं तर हात वर करून विचारावं लागतं. हात वर केला की सगळा वर्ग वळून बघतो. म्हणून ती सकाळपासून दुपारपर्यंत घोटभरही पाणी पीत नव्हती. बाईंनी तिच्या परवानगीने मला एक चिठ्ठी दाखवली, कंपासपेटीत घडी घालून ठेवलेली. "मॅडम, मी जाऊन येऊ का?" हे एवढंसं वाक्य तिने चार प्रकारे लिहिलं होतं आणि चारही वेळा खोडलं होतं. ती चिठ्ठी हातात धरून मी किती वेळ बसलो होतो, मला सांगता येणार नाही.

त्यानंतर मी जे वाचलं, बाईंना विचारून घेतलं, ते तुला सांगतो. हा त्रास १९८० साली अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत पहिल्यांदा वेगळा विकार म्हणून नोंदला गेला. तेव्हा त्याला सोशल फोबिया म्हणत, आता सोशल अँक्झायटी हे नाव रुळलंय, म्हणजे लोक आपल्याकडे बघतील, नावं ठेवतील याची भीती. बहुतेकांना तो ८ ते १५ या वयात सुरू होतो, म्हणजे नेमका आपण "वयच तसं आहे" म्हणून सोडून देतो तेव्हा. पुस्तिकेच्या २०१३च्या आवृत्तीत दोन गोष्टी आहेत, त्या मला फार उपयोगी पडल्या. एक म्हणजे ही भीती साधारण सहा महिने किंवा जास्त टिकलेली असावी. दुसरी, मूल फक्त मोठ्यांसमोर नव्हे, तर बरोबरीच्या मुलांतही घाबरत असावं. पाहुण्यांसमोर मान खाली घालणारा पोरगा मित्रांत मोकळा असेल, तर काळजीचं फारसं कारण नाही.

आणि सगळीच लाजरी मुलं यात बसत नाहीत. अमेरिकेतल्या १३ ते १८ वयाच्या १०,०००हून जास्त मुलांच्या पाहणीत (ती २०११ साली प्रसिद्ध झाली) जवळपास निम्म्यांनी स्वतःला लाजाळू म्हटलं होतं. त्यातल्या सुमारे १२ टक्क्यांनाच हा विकार होता. उलट, स्वतःला लाजाळू न म्हणणाऱ्यांतही थोड्या मुलांना तो होता. म्हणून मूल किती गप्प आहे ते मोजत बसू नकोस. त्याने काय काय करणं सोडलं, ते बघ.

एकटं राहायला मनापासून आवडणारं मूलही वेगळं. माझी लेक खिडकीत उभी राहून खालच्या मुलींचा खेळ तासन्‌तास बघायची. तिला जायचं असायचं रे. पाय उचलत नव्हता.

प्रसंगाच्या आधीचे दिवस आणि नंतरची रात्र, दोन्हींकडे लक्ष ठेव. लाजाळू मुलाची धडधड त्या घटकेपुरती असते. हिचं चार दिवस आधी जेवण कमी व्हायचं. एकदा वर्गातल्या एकीच्या वाढदिवसाला गेली. तिथे ती मुलगी "थँक यू" म्हणाली आणि ही गडबडीत "सेम टू यू" म्हणून गेली. तीन आठवड्यांनी रात्री अंधारात मला विचारते, "बाबा, तिला मी वेडी वाटले असेन का?" त्या मुलीच्या ते लक्षातही नसणार. हिच्या डोक्यात ते रोज रात्री नव्याने घडत होतं.

माझी चूकही सांगतो. कुणी तिला नाव विचारलं की मीच सांगायचो. फोन मी करायचो, शिक्षकांशी मी बोलायचो. मला वाटायचं, पोरीला सांभाळतोय. बाईंनी समजावलं, की टाळलं की लगेच बरं वाटतं, आणि त्या बरं वाटण्यातूनच मन शिकतं की भीती खरी होती. पुढच्या वेळी ती आणखी मोठी होऊन येते. "जा की, त्यात काय घाबरायचं!" म्हणून ढकलणंही तितकंच वाईट, तेही मी करून बसलो होतो.

तुझ्या लेकाने गुडघ्याचं कारण सांगून सराव सोडला आणि सादरीकरणाच्या दिवशी त्याला नेमका ताप आला, हे तूच लिहिलंयस. त्यावरून निदान मी करणार नाही, ते काम डॉक्टरांचं. पण आधी त्याच्याशी बोल. समोर बसवून नको, बरोबर चालताना विचार. "का जात नाहीस?" असं नको, "तिथे गेल्यावर काय होईल असं वाटतं?" असं विचार. तो सांगेल ते ऐकून घे, लगेच समजूत घालू नकोस. मग मानसोपचारतज्ज्ञ किंवा मानसशास्त्रज्ञ गाठ. यावर सीबीटी नावाची, विचारांवर आणि वागण्यावर काम करणारी उपचारपद्धती आहे. तिच्यात भीतीच्या पायऱ्या करून एकेक चढायला शिकवतात. काहींना औषधही लागतं, ते डॉक्टर ठरवतील. हे बरं होणारं दुखणं आहे, म्हणून तर एवढं लिहितोय.

गेल्या आठवड्यात धाकटीने ग्रंथालयात स्वतः फोन केला, वेळ विचारायला. मी शेजारच्या खोलीत होतो, मुद्दामच बाहेर आलो नाही. आधी तीनदा नंबर लावून कापला. चौथ्यांदा बोलली. फोन ठेवून आली तेव्हा तळहात ओले होते, मला दाखवले. म्हणाली, "आठपर्यंत उघडं असतं."

त्याच्याशी बोलणं झालं की कळव. रात्री उशिरा फोन केलास तरी चालेल. वहिनींना नमस्कार सांग.

तुझाच,
जुना मित्र