माझ्या हॉलमधली अकरा गाठोडी : मंत्रिमहोदयांना खुले पत्र

माननीय मंत्रिमहोदय,

सविनय नमस्कार.

आपल्या खात्याचं नाव मुद्दामच घातलेलं नाही. पहिल्या कचेरीने दुसरीकडे धाडलं, दुसरीने तिसरीकडे, आणि तिसरीतल्या साहेबांनी चहा पाजून पुन्हा पहिलीकडे. ज्यांना हे पत्र लागू पडेल त्यांनी ते आपलं समजावं. एका श्रीलंकन निर्वासित कुटुंबाला मायदेशी परत जाता यावं म्हणून इंग्रजीत तीन अर्ज झाले, तमिळमध्ये दोन. उत्तर कशालाच येत नसेल तर निदान स्वतःच्या भाषेत तरी बोलून घेतो.

मी मूळचा मिरजेचा. बँकेच्या नोकरीपायी तिरुचिरापल्लीला आलो आणि इथलाच झालो. आमच्या घराला दोनदा रंग देणारे पेंटरअण्णा श्रीलंकेतल्या मन्नारचे. 1990 साली तिथल्या यादवी युद्धातून रातोरात होडीने रामेश्वरमच्या किनाऱ्याला लागले तेव्हा एकोणीस वर्षांचे होते. लग्न निर्वासितांच्या छावणीत, मुलगी छावणीत, नातही छावणीतच. आता त्यांना परत जायचंय. स्वेच्छेने. फॉर्मवर तोच शब्द आहे. कोणी जबरदस्ती करत नाही ना, हे त्यांना चारदा विचारून झालं. जाणार कशाने, हे एकदाही कोणी विचारलं नाही.

मग एके दिवशी निरोप आला : जहाजाची सोय होतेय, संसार बरोबर नेता येईल, आवरून ठेवा. लेखी द्या म्हटलं तर साहेब नुसते हसले. अण्णांनी आवरलं. कपाट आणि खाट येईल त्या भावाला फुंकली. खोलीची किल्ली परत केली. नातीचा शाळेचा दाखला काढला. छावणीच्या यादीतून नावं कमी झाली, त्याबरोबर महिन्याची मदत आणि तांदूळही. आणि निघायला चार दिवस उरले असताना फोन : जहाज नाही, विमान. तारीख मागाहून कळवू. सामान माणशी तीस किलो. (दुसऱ्या साहेबांनी चाळीस सांगितलं. तूर्त आम्ही त्यांनाच मानतो.)

गेले सात आठवडे चौघं आमच्याकडे आहेत. हॉलमध्ये अकरा गाठोडी. शिवणयंत्र गोधडीत गुंडाळून काथ्याने आवळलेलं. अण्णांचा हात पेंटरचा, त्यामुळे प्रत्येक गाठोड्यावर निळ्या ऑइलपेंटने आकडा आणि खाली ‘तलैमन्नार’ हे त्यांच्याकडच्या बंदराचं नाव, दुकानाच्या पाटीसारखी सावली देऊन काढलेलं. शिवाय दगडी रगडा. एकट्या रगड्यात एका माणसाचे तीस किलो संपतात. टाकून जा म्हणायची माझी प्राज्ञा नाही. अण्णांच्या बायकोने तो पहिल्या मजुरीतून घेतलाय.

माझं म्हणाल तर स्कूटर सात आठवडे पावसात आहे, सीट फाटली. गुडघा रगड्यावर दोनदा आपटला. बीपीची गोळी अर्धीची एक झाली. पुतण्याचं सांगलीतलं लग्न चुकलं, रेल्वेने तिकिटाचे पैसे कापले ते वेगळेच. वहिनी अजून फोनवर नीट बोलत नाहीत. आमच्या सौभाग्यवती सहा माणसांचं दोन वेळचं रांधतात आणि बोलत काहीच नाहीत, हे जास्त धोक्याचं. तुमच्या दिवाणखान्यात रगडा आहे का हो, साहेब?

आणि जहाज जमत नाही असं सांगू नका. 1992 ते 1995 या काळात याच तामिळनाडूतून 54 हजारांच्या आसपास लोक जहाजांनी आणि विमानांनी परत गेले. त्यांच्या स्वेच्छेवर लोक आजही बोट ठेवतात, तो भाग वेगळा; पण जहाजं मिळाली होती. 14 ऑक्टोबर 2023 ला आपलं नागपट्टणम ते श्रीलंकेतलं कांकेसंतुरै ही फेरीबोट पंतप्रधानांनी झेंडा दाखवून सुरू केली. चारेक तासांचा प्रवास. पावसाळा आला म्हणून आठवड्याभरात बंद. ऑक्टोबरात तिथे पाऊस पडतो हे झेंडा शिवणाऱ्यालाही ठाऊक असेल! पुढच्या ऑगस्टमध्ये पुन्हा सुरू झाली. म्हणजे समुद्र जागेवरच आहे.

2022 मध्ये युक्रेनमधून आपली मुलं आणायला चार मंत्री शेजारच्या देशांत जाऊन उभे राहिले. चांगलंच केलं, माझ्या मित्राचा मुलगा त्यात होता. पण येणाऱ्याला गुलाबाचं फूल आणि जाणाऱ्याला ‘मागाहून कळवू’? निर्वासितांसाठी आपल्याकडे कायदाच नाही. 1951 च्या आंतरराष्ट्रीय निर्वासित करारावर सही नाही. मग चालतं काय, तर परिपत्रक. साहेब बदलला की परिपत्रकाचा अर्थ बदलतो. चाळीस वर्षांत छावण्यांचं नाव तेवढं बदललं, 2021 पासून ‘पुनर्वसन छावणी’. देश सोडायलाही परवाना लागतो, त्याला मुदत, मुदत संपली की पुन्हा रांग. 1675 मध्ये व्यंकोजीराजांनी इथून तासाभरावरचं तंजावर घेतलं, त्यांना कोणी परवाना विचारल्याचं ऐकिवात नाही. त्यांच्याबरोबर आलेल्यांचे वंशज अजून घरात मराठी बोलतात. अण्णांची नात तमिळच बोलते, तिरुचीतच जन्मली, आणि ती कुठलीच नाही. आठवीचं वर्ष बुडतंय तिचं. शाळा म्हणते दाखला नेलात, आता पुढच्या जूनला या.

मागणं एवढंच : जहाज असेल तर तारीख लेखी द्या. नसेल तर नावं पुन्हा यादीत घाला आणि पोरीला शाळेत बसवा. फोन करू नका. फोन अण्णा उचलतात, आणि कुठलीही तारीख ऐकली की लगेच दोऱ्या आवळायला बसतात. सात नंबरचं गाठोडं उंदरांनी कुरतडलं होतं, ते काल नव्याने बांधलं, आणि ‘तलैमन्नार’ पुन्हा काढलं. सावलीसकट. रंग अजून ओला आहे, म्हणून मी हे पत्र जिन्यात बसून लिहितोय.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी, तिरुचिरापल्ली